पोरगं स्नूकर खेळतंय, पुढे काय?

वणी, पुसद किंवा दारव्ह्याच्या घरात मुलाने स्नूकरपटू व्हायचंय असं म्हटलं, की पहिला प्रश्न निघतो पोटापाण्याचा. तो रास्तच आहे. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही आणि २०१० नंतर आशियाई स्पर्धांतूनही तो गेला.

तरी स्नूकर-बिलियर्ड्सची परंपरा मोठी आहे, आणि ती आपल्या राज्यातली आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले आणि १९६४ मध्ये पुन्हा. मुंबईच्या मायकेल फरेरांनी हेच पद तीनदा पटकावलं, तेही कायद्याचं शिक्षण घेऊन.

पालकांनी नीट पाहावी ती पगाराची बाजू. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचा. दोन डझनांहून अधिक जागतिक विजेतेपदं मिळवलेला हा खेळाडू ओएनजीसीत नोकरीला. बिलियर्ड्सपटू अशोक शांडिल्य रेल्वेत. बक्षीस जिंकलं तर मिळतं, पगार दर महिन्याला येतो. क्रीडा कोट्यातली बरी जागा हवी तर पदवी हाताशी असावी, म्हणून कॉलेज सोडून टेबलाला चिकटणं धोक्याचं.

व्यावसायिक स्नूकरचं केंद्र ब्रिटन. 'क्यू स्कूल' ही पात्रता स्पर्धा पार केली की व्यावसायिक सर्किटवर खेळण्याचं दोन वर्षांचं कार्ड मिळतं. प्रवास, घरभाडं बहुधा स्वतःच्याच खिशातून. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीतल्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचला. मानांकन स्पर्धेत तिथवर गेलेला तो पहिला भारतीय. अडवाणी मात्र २०१२ मध्ये या सर्किटवर उतरला आणि २०१४ मध्ये परतला. इतक्या मोठ्या खेळाडूलाही घरापासून दूरची ती वर्षं जड गेली, हे विसरू नये.

मुलात धमक आहे का? पार्लरमधल्या छोट्या पूल टेबलावर ते कळत नाही. स्नूकरचं टेबल बारा फूट बाय सहा फूट, कापडाखाली पाटीचा दगड. त्यावर पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा असे सहा चेंडू जागेवर मांडून क्रमाने पाडायला सांगावं. चेंडू पडला की नाही यापेक्षा पांढरा चेंडू कुठे थांबला, ते बघावं. पुढच्या फटक्यासाठी तो सोयीच्या जागी पुन्हापुन्हा येत असेल, तर पोराला खेळ कळतोय. पैसे लावून खेळणाऱ्यांच्या टोळक्यापासून त्याला लांब ठेवणं, हे मात्र पालकांचंच काम.

पुढची पायरी राज्य स्पर्धा, तिथून राष्ट्रीय. ज्युनियर गट २१ वर्षांखालचा, त्यामुळे बारावी आणि पदवीची पहिली वर्षं सांभाळूनही हा अंदाज घेता येतो.