झुरळाचं कूळ, कोळंबीचं गोत

प्राणिशास्त्र शिकवताना संधिपाद प्राण्यांच्या नात्यागोत्यांनी मला पुन्हा पुन्हा थक्क केलं. त्यातलं थोडं सांगतो.

१. सारखे दिसणारे सख्खे असतीलच असं नाही. आमच्या विद्यार्थिदशेत गोम आणि कीटक ही भावंडं मानली जात. दोघांनाही शृंगिकांची एकच जोडी, श्वासासाठी अंगभर पसरलेल्या बारीक नळ्या, उत्सर्जनाला माल्पिघी नलिका. आणखी काय पुरावा हवा? पण १९९५ मध्ये फ्रीडरिख आणि टाउट्झ यांनी रायबोसोमची जनुकं ताडून पाहिली आणि कीटक गोमेपेक्षा कोळंबी-खेकड्यांना, म्हणजे कवचधाऱ्यांना, जवळचे निघाले. पुढे २०१० मध्ये रेजियर आणि सहकाऱ्यांनी ७५ जातींची ६२ जनुकं तपासली. त्यातून दिसलं की कीटक हे कवचधाऱ्यांचे नुसते शेजारी नाहीत, त्यांच्याच वंशवृक्षाची एक फांदी आहेत. ओट्याखालचं झुरळ आणि कालवणातली कोळंबी एकाच कुळातली! तेव्हापासून कोळंबी सोलताना तिचे पाय मी नीट निरखतो.

२. मग श्वासाच्या त्या नळ्या गोम आणि कीटक दोघांकडे आल्या कुठून? गरजेतून, आणि वेगवेगळ्या वाटांनी. समुद्र सोडून जमिनीवर यायचं तर हवेत श्वास घेता आला पाहिजे आणि अंगातलं पाणी राखता आलं पाहिजे. गोमेच्या पूर्वजांनी हे साधलं, कीटकांच्या पूर्वजांनी स्वतंत्रपणे साधलं, कोळ्यांच्या पूर्वजांनीही. कुंडी उचलली की खाली सापडणारा, बोट लागताच गोळी होणारा राखाडी जीव तर चक्क कवचधारी आहे. तोही आपल्या वाटेने जमिनीवर आला.

३. जवळचा नातलग कुठे दडलेला असेल, सांगता येत नाही. १९७९ मध्ये जिल येगर बहामा बेटांवरच्या पाण्याने भरलेल्या गुहेत उतरल्या. तिथल्या अंधारात त्यांना एक फिकट, आंधळा, लांबट प्राणी पोहताना दिसला. अंग गोमेसारखं, पण तो पाण्यात, उताणा पोहणारा! १९८१ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि त्याच्यासाठी रेमिपीडिया हा नवा वर्गच करावा लागला. आज हाती असलेल्या जनुकीय पुराव्यानुसार जिवंत प्राण्यांत कीटकांचा सर्वांत जवळचा नातलग बहुधा हाच. फुलपाखरांचा, मधमाश्यांचा, डासांचा भाऊबंद समुद्राशी जोडलेल्या गुहेत, डोळ्यांविना. या एका प्राण्याबद्दल मी वर्गात तासन् तास बोलू शकतो.

४. मोठेपणी लपलेलं लहानपणी दिसतं. कोकणातल्या खडकांवर पाय सोलून काढणारे पांढुरके, टणक बार्नॅकल पाहिले की ते शिंपल्यांचे सोबती वाटतात. क्युव्हिएनेही त्यांना मृदुकाय प्राण्यांतच बसवलं होतं. जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी त्यांची पोहणारी पिल्लं रूप बदलताना पाहिली आणि १८३० मध्ये जाहीर केलं, की हे तर कवचधारी! डार्विनने नंतर याच प्राण्यांना आयुष्याची आठ वर्षं दिली. मला ती वाया गेलेली कधीच वाटली नाहीत.

५. काही नाती अजून जुळायची आहेत. ओडिशाच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारा नालखेकडा नावापुरताच खेकडा. त्याला शृंगिका नाहीत, तोंडापाशी चिमट्यासारखे अवयव आहेत. रे लँकेस्टर यांनी १८८१ मध्येच त्याला विंचवाच्या गोतात नेलं. पण तो कोळी-विंचवांचा चुलत भाऊ, की त्यांच्या घरातलाच एक? २०१९ मध्ये एका विश्लेषणाने त्याला थेट त्यांच्या घरात बसवलं, तर त्याच वर्षीच्या दुसऱ्याने बाहेर ठेवलं. पहिलं खरं असेल, तर एकतर याचे पूर्वज जमिनीवरून समुद्रात परतले, किंवा कोळी-विंचवांचे पूर्वज एकाहून अधिक वेळा जमिनीवर आले. मला हे उत्तर कळायला हवं आहे, आणि माझ्या हयातीत हवं आहे.