वॉचमन झोपला, तरी गेट बंदच!

आधीच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. 'मराठी विभागात टेक्निकल काहीच येत नाही' म्हणून संपादक मंडळाने मला पकडलं, तेव्हा ठरवलं की जिथे आपण सपशेल तोंडावर पडलो, तेच लिहावं.

हॉस्टेलमध्ये आमच्या मजल्यावर कुणाचा लॅपटॉप बिघडला की मला हाक येते. मागच्या सेमिस्टरला माझ्या रूमीच्या लॅपटॉपवर वाय-फाय 'कनेक्टेड' दिसायचं, पण सोबत 'नो इंटरनेट'. त्याच वाय-फायवर आमचे मोबाइल मस्त चालत होते, म्हणजे राउटर ठीक. मला अँटिव्हायरसचा संशय आला. घड्याळाशेजारच्या आयकॉनवर राइट क्लिक करून तो डिसेबल केला. तरी नेट नाही. मी लगेच निकाल दिला, "अँटिव्हायरस निर्दोष. वाय-फाय कार्ड गेलं."

दुकानात विचारलं, तर कार्ड आणि मजुरी मिळून दोन हजार. रूमीने घरी फोन लावला. लॅपटॉप सेकंडहँड, तोही तिच्या बाबांनी सोयाबीनच्या पैशांतून घेतलेला. ते एवढंच म्हणाले, "बघतो, चार दिवस थांब." ती फोन ठेवून गप्प बसली आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन मिनिटांच्या टेस्टवर मी एका माणसाला दोन हजारांचा खर्च लावला होता. आणि टेस्टच चुकीची असेल तर?

ती चुकीचीच होती. का, ते बघू.

लॅपटॉपमधलं प्रत्येक पॅकेट एका रस्त्याने जातं. एका टोकाला ब्राउझर, दुसऱ्या टोकाला वाय-फाय कार्ड आणि मधे विंडोजचे नेटवर्कचे थर. फायरवॉल असलेले बरेच अँटिव्हायरस या थरांमधे आपला 'फिल्टर ड्रायव्हर' बसवतात. येणारं-जाणारं पॅकेट तो तपासतो, मगच पुढे सोडतो. म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या गेटवरचा वॉचमनच समजा. आयकॉनवरून डिसेबल करणं म्हणजे वॉचमनला 'झोप आता' म्हणणं. पण तो गेटला कुलूप लावून झोपला तर? ड्रायव्हर आपल्या जागी तसाच असतो. तो बिघडला असेल, किंवा एकाच गेटवर दोन वॉचमन असतील, तर पॅकेट अडकतं. म्हणून 'डिसेबल केला, तरी नेट नाही' यावरून अँटिव्हायरस निर्दोष ठरत नाही.

वाय-फायच्या सॉफ्टवेअरची अशी भांडणं जुनीच आहेत. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत 'वायरलेस झीरो कॉन्फिगरेशन' नावाची सर्व्हिस होती, आणि कार्ड बनवणाऱ्या कंपन्या स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअरही द्यायच्या. दोघं एकाच कार्डावर हक्क सांगायला लागले की कनेक्शन तुटायचं. आता विंडोजमधे ते काम 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' ही सर्व्हिस करते. ती बंद असेल तर नेटवर्कची यादीच दिसत नाही. आमच्याकडे यादी दिसत होती, म्हणजे तो प्रश्न नव्हता.

मग आम्ही शहाण्यासारखं, एका वेळी एकच गोष्ट करत गेलो.

१) कमांड प्रॉम्प्टमधे 'आयपीकॉन्फिग' दिलं. रूमी पत्ता वाचायला लागली, "एकशे एकोणसत्तर..." मी बोटांवर मोजत बसले. ती हसून म्हणाली, "अगं, वन सिक्स्टी-नाइन!" पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला की समजावं, राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, विंडोजने आपल्या मनाने एक घेतलाय. तुमचा पत्ता नीट असेल, तर आधी राउटरला पिंग करा, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. आकड्यांना उत्तर येतंय आणि फक्त नावाला अडतंय, तर डीएनएसकडे बघा.

२) मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेथरिंग सुरू केलं. इथे वाय-फाय कार्डाचा संबंधच येत नाही, लॅपटॉपला मोबाइल हेच वेगळं नेटवर्क कार्ड दिसतं. तरीही पुन्हा १६९.२५४! म्हणजे दोष दोन्ही रस्त्यांच्या सामाईक भागात. चोर सोडून आम्ही संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

३) रनमधे 'एनसीपीए डॉट सीपीएल' टाइप करून वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडल्या. तिथल्या यादीत चक्क दोन अँटिव्हायरसचे फिल्टर! एक रूमीने टाकलेला, दुसरा जुन्या मालकाच्या ट्रायलचा. तो कधीच अनइन्स्टॉल झाला होता, पण त्याचा फिल्टर मागे राहिला होता.

४) त्या कंपनीचं रिमूव्हल टूल माझ्या लॅपटॉपवर डाउनलोड केलं, पेन ड्राइव्हने नेऊन चालवलं आणि रीस्टार्ट केलं. पत्ता १९२.१६८ ने सुरू झाला. नेट चालू!

५) एवढ्यानेही झालं नाही, तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटएसएच विनसॉक रीसेट' द्या, रीस्टार्ट करून बघा. तरीही नाही, तर 'नेटएसएच इंट आयपी रीसेट'. त्याआधी हाताने भरलेली आयपी सेटिंग्ज असतील तर लिहून ठेवा, ती पुसली जातात.

एक विनंती. नेट सुरू झालं म्हणून अँटिव्हायरस कायमचा बंद ठेवू नका. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला आपला पेन ड्राइव्ह काय काय घेऊन येतो, हे सबमिशनच्या आठवड्यात सगळ्यांना कळतं. दुसरा अँटिव्हायरस काढला की विंडोज १० आणि ११ मधे डिफेंडर आपोआप सुरू होतो. तो खरंच सुरू झालाय का, ते 'विंडोज सिक्युरिटी'मधे बघून घ्या. वॉचमन हवाच, फक्त एका गेटवर एकच.

त्याच रात्री रूमीने घरी फोन केला, "बाबा, पैसे नकोत." काकांनी माझ्याशी बोलायला फोन मागितला आणि म्हणाले, "पोरी, तुझ्यामुळे दोन हजार वाचले." कार्ड गेलं असं आधी कोणी सांगितलं होतं, ते माझ्या तोंडून निघालंच नाही. हा अंक रूमी सुट्टीत घरी नेणार आहे. म्हणून इथेच लिहिते : काका, ती मीच होते. सॉरी.