आधी छप्पर, मग सेवा

अरे बाळा, नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या म्हणजे सगळं झालं असं नाही. त्यांचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही. तोवर माणूस राहतो कुठे आणि सकाळी उठतो कशासाठी, यावर बरंच ठरतं. म्हणून आधी छप्पर बघ.

एकट्याची खोली घेऊ नकोस. पुण्यात कॉट बेसिसला लोक नाकं मुरडतात, पण तुला सध्या तेच बरं. शेजारचा पोरगा आवरायला लागला की आपणही उठतो. डबा खोलीवर मागवू नकोस, मेसमध्ये जाऊन जेव. तेवढ्यासाठी का होईना, पायात चप्पल जाते. सहा महिन्यांचं भाडं काका भरणार असेल तर त्याने ते थेट मालकाच्या खात्यावर घालावं. दर महिन्याला तू हात पसरायचा आणि त्याने सुस्कारा टाकायचा, हे नको. मालकाला दुखणं सांगायचं कारण नाही. डिपॉझिट किती आणि खोली सोडताना किती आधी कळवायचं, एवढं करारात नीट वाच.

तुझ्या वॉर्डातल्या त्या मुलाला मात्र घरचे न्यायला तयार नाहीत म्हणालास. त्याला सांग, 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात एकोणिसावं कलम आहे. घर नाही किंवा घरच्यांनी टाकलं, एवढ्यावरून कुणाला इस्पितळात ठेवता येत नाही. हाफवे होमसारखी सोय सरकारने करायची. जागा मोजक्याच, हे खरं. तरी सरकारी इस्पितळात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्या मागे लागायचं.

आता सेवेचं. ‘चार लोकांत मिसळ, मन रमेल’ असं सगळे सांगतील. घाई करू नकोस. झोप, आंघोळ, जेवण रुळावर आलं की मग. आणि दुसऱ्यांची दुःखं ऐकायचं काम तर इतक्यात मुळीच घेऊ नकोस. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवणारी माणसं लागतात, तिथे जा. आठवड्यातला एक वार, एक तास. परीक्षेला लेखनिक म्हणून बसणं पुढे कधीतरी. त्या दिवशी तू अंथरुणातून उठला नाहीस तर त्या पोराचा पेपर बुडतो. वाचनाचा एखादा तास चुकला तर फोन करून सांगता येतं. पण सांगायचं, गप्प बसायचं नाही. इच्छा झाली की जाईन म्हणशील तर जाणारच नाहीस. आधी जायचं, इच्छा मागून येते, कधी महिन्याभराने. कुणी विचारलं काय करता, तर ‘इथे वाचायला येतो’ म्हण. तेवढी ओळख सध्या पुरे.

बरं वाटलं की गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. त्या डॉक्टरच हळूहळू उतरवतात, बरं वाटल्यावरही काही महिने जाऊ देऊन.

आणि रात्री जीव नकोसा झाला तर सकाळची वाट बघायची नाही. 14416, टेलि-मानस. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. काढ फोन, माझ्यासमोर नंबर घाल.