मातीच्या पोटातील औषधे

मृगाचा पहिला पाऊस पडला की तापलेल्या जमिनीतून जो सुगंध दरवळतो, तो गारगोटीच्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. हा मातीचा वास, असे आपण म्हणतो. परंतु त्यातील मोठा वाटा मातीत राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा आहे. स्ट्रेप्टोमायसीस या कुळातील जंतू जिऑस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात व पावसाच्या थेंबांसरशी तो हवेत उधळला जातो. याच कुळाने मनुष्यजातीस कित्येक औषधे दिली आहेत. त्यांचा अल्प परिचय आम्ही येथे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देत आहोत.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जंतू नांदतात. तेथे अन्न थोडे आणि खाणारे फार; म्हणून काही जंतू असे पदार्थ निर्माण करतात की, ज्यांच्या योगे शेजारच्या जंतूंची वाढ खुंटते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांनी या पदार्थांचा पद्धतशीर शोध आरंभिला. त्यांची रीत सोपी, पण चिकाटीची होती. माती निर्जंतुक पाण्यात कालवून ते पाणी पुष्कळ पातळ करावयाचे, समुद्रशेवाळापासून केलेल्या खळीवर ते पसरावयाचे, उगवलेला एकेक जंतू वेगळा काढावयाचा व त्याच्याशेजारी रोगजंतू वाढवून पाहावयाचे. रोगजंतू जेथे वाढत नाहीत, तेथे शोधकाने थांबावे. अशा शोधात १९४३ साली वाक्समन यांचे शिष्य आल्बर्ट शाट्झ यांस स्ट्रेप्टोमायसिन सापडले.

या शोधाचे मोल आमच्या भागातील वडीलधाऱ्यांस विशेष कळेल. क्षयरोग्यांस पूर्वी मिरजेजवळील वानलेसवाडीच्या आरोग्यधामात नेत; तेव्हा मुख्य आधार विश्रांती, मोकळी हवा व सकस अन्न यांचाच असे. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावर खरोखर गुणकारी ठरलेले पहिले जंतुनाशक औषध होय. वाक्समन यांस १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कोणी म्हणेल की, हे सारे परदेशचे. तसे नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी माती तपासू लागले. १९६० च्या सुमारास त्यांस स्ट्रेप्टोमायसीसची एक जात आढळली. तिचे नाव त्यांनी गावावरून 'पिंपरीना' असे ठेवले, आणि तिच्यापासून 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक औषध मिळविले. बुरशीवर औषध शोधणे अवघड असते. कारण बुरशीच्या पेशींची घडण आपल्या पेशींशी पुष्कळ जुळते. परंतु बुरशीच्या पेशींच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो, आपल्या पेशींत तो नसतो. हॅमायसिन त्यासच मुख्यत्वे धरते. तोंडात व त्वचेवर होणाऱ्या बुरशीच्या विकारांवर त्याचा उपयोग झाला. याच प्रयोगशाळेने पिकांच्या रोगांसाठी ऑरिओफंगिन हे औषधही शोधिले. भातावरील करप्याविरुद्ध ते परिणामकारक आढळले.

येथे एक गंभीर इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. एकटे स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या क्षयरोग्यांपैकी अनेकांस आरंभी आराम पडे, पण पुढे त्यांचे रोगजंतू त्या औषधास दाद देईनासे होत. हे १९४८ सालीच इंग्लंडातील चाचणीत दिसून आले. याचे कारण असे की, असंख्य जंतूंत काही थोडे चिवट असतात. दुबळे मेले म्हणजे त्यांस रान मोकळे मिळते. म्हणूनच क्षयावर अनेक औषधे एकत्र व महिनोगणती द्यावी लागतात. तरी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवू नयेत, एकाचे औषध दुसऱ्यास देऊ नये, आणि साध्या पडशासाठी ही औषधे मागू नयेत. कारण पडसे ज्या विषाणूंमुळे होते, त्यांवर ती चालतच नाहीत. वैद्यांनी सांगितले तितके दिवस औषध घ्यावे.

चिवट जंतू वाढत आहेत, म्हणून नव्या औषधांची निकड आहे. मातीतील बहुतेक जंतू प्रयोगशाळेत अद्याप वाढविता आलेले नाहीत. त्यांत काय दडले आहे ते पाहणे उरलेच आहे. वेदगंगेच्या काठची माती कोणी असे तपासावयाचे मनात आणील, तर त्यास प्रथम लागेल ती नीट पाहण्याची व पाहिलेले टिपून ठेवण्याची सवय. ती शाळेतच लागते.