पाठ : हुमणीचे भुंगेरे आणि कडुनिंबाची फांदी

(इयत्ता ४ थी व ५ वी : परिसर अभ्यास व गणित)

उद्देश : हुमणीचा जीवनक्रम विद्यार्थ्यांस समजावा, आणि किडीचा नाश कोणत्या वेळी केला असता तो सर्वांत सुलभ व कमी खर्चाचा होतो, हे त्यांच्या ध्यानी यावे.

साहित्य : भुंगेरे ठेवलेली काचेची बरणी, कडुनिंब व बाभळीच्या हिरव्या डहाळ्या, फळ्यावर जीवनक्रमाचे चित्र.

विषयविवेचन : श्रावण-भाद्रपदात उसाचे किंवा भुईमुगाचे रोप एकाएकी पिवळे पडून वाळते व ओढताच सहज उपटून येते. मुळाशी खणल्यास पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धवर्तुळाकार वळलेली अळी सापडते. हीच हुमणी होय. या वेळी ती जमिनीत असल्याने तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण व खर्चाचे असते. म्हणून उपाय आधी, ती भुंगेरा असतानाच योजावयास हवा.

वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की जमिनीत दडलेले भुंगेरे सायंकाळी अंधार पडताच बाहेर येतात. ते कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमून पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते, आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. त्यानंतर मादी जमिनीत अंडी घालते. सारांश, अंडी घालण्यापूर्वी ही कीड आपण होऊन आपल्या हाताशी येते. तिचे आवडते खाद्य हेच तिच्यासाठी उत्तम आमिष होय.

कृती : झाडाखाली कापड अंथरून फांद्या काठीने हलवाव्यात व पडलेले भुंगेरे साबणाच्या किंवा रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. शेतात अशी झाडे नसल्यास कडुनिंबाच्या पानांनी भरलेल्या ताज्या फांद्या सायंकाळी ठिकठिकाणी रोवाव्यात. सुकलेल्या फांद्या रोज बदलाव्यात. भुंगेरे निघणे थांबेपर्यंत हे काम चालू ठेवावे.

भुंगेरे जमतात म्हणून झाडच तोडावे, असे काहींस वाटते. तो समज शिक्षकांनी दूर करावा. झाड तोडल्याने कीड नाहीशी होत नाही. तिला एकत्र गाठण्याची जागा मात्र नाहीशी होते.

गणिताशी सांगड : एका मादीची अंडी सुमारे ५० धरावीत. एका बादलीत २०० भुंगेरे सापडले व त्यांत निम्म्या माद्या असल्या, तर किती अंडी टळली? १०० × ५० = ५,०००. सर्वच अंडी जगत नाहीत, हेही सांगावे. तरीही एका सायंकाळच्या श्रमाचे मोल मुलांस कळेल.

सावधगिरी : पहिल्या पावसात साप-विंचू बाहेर पडतात. म्हणून रात्रीचे काम वडीलधाऱ्यांनी कंदील अथवा विजेरी घेऊन करावे. मुलांनी झाडावर चढू नये. कोठे फांद्यांवर विषारी औषध फवारले असेल, तर त्या फांद्यांस व भुंगेऱ्यांस मुलांनी मुळीच स्पर्श करू नये. गुरांनाही त्यांपासून दूर ठेवावे.

शिक्षकांचे कार्य : एका शेतकऱ्याने भुंगेरे वेचले आणि शेजाऱ्याने सोडून दिले, तर शेजारच्या रानातून ते पुन्हा येतात. हे काम सर्व गावाने एकाच वेळी केले तरच फळास येते. गावातील बहुतेक घरी एकाच दिवशी निरोप पोहोचविण्याचे साधन शाळेजवळ आहे. वळीव पुष्कळदा सुट्टीतच पडतो; यास्तव हा पाठ उन्हाळी सुट्टीपूर्वी घ्यावा आणि शाळा उघडताच त्याची उजळणी करावी.

स्वाध्याय :
१. भुंगेरे कडुनिंबावर का जमतात?
२. भाद्रपदापेक्षा मृगात उपाय करणे सोपे का?
३. आपल्या शिवारातील कडुनिंब, बाभूळ व बोरीची झाडे मोजून नकाशात दाखवा.