आर्टिकलशिपला लागलेल्या भाच्यास

चि. सोनूस,

सीए इंटरचे दोन्ही ग्रुप सुटले आणि पुण्यात फर्मही मिळाली, हे दादाने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. आमच्या वेळी आर्टिकलशिप तीन वर्षांची होती; १ जुलै २०२३ पासून ती दोन वर्षांवर आली. तुझ्या हाती एक वर्ष कमी आहे, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीला तुला व्हाउचिंगच देतील, म्हणजे नोंदी बिलांशी ताडून बघायचं काम. मुलं या कामाला कंटाळतात. पण एखादा धंदा प्रत्यक्ष कसा चालतो, हे बिलांच्या फायलीत जितकं कळतं तितकं कुठल्याही मॉड्यूलमध्ये कळत नाही. समज, एका पुरवठादाराला ९,८०० रुपये रोख दिलेत. दुसऱ्या दिवशी तेवढेच, तिसऱ्या दिवशीही तेवढेच. एका दिवसात एकाच व्यक्तीला दहा हजारांहून जास्त रोख दिले, तर काही अपवाद सोडता तो खर्च आयकरात मान्य होत नाही, हे तू पाठ केलं आहेस. आता बिलांचे नंबर बघ: ४१, ४२, ४३. तीन दिवसांत त्या दुकानदाराकडे दुसरं एकही गिऱ्हाईक आलं नाही? नुसती रक्कम जुळवणारा टिक करून पुढे जातो. तू तिथे थांब, वर्किंग पेपरमध्ये नोंद कर आणि सीनियरला दाखव. क्लायंटच्या ऑफिसात मात्र त्याचा गवगवा करू नकोस. कदाचित खुलासा सरळ असेल. आणि क्लायंटची कुठलीही गोष्ट घरीसुद्धा बोलायची नाही, अगदी माझ्याशीही नाही.

३१ मार्चला स्टॉक मोजायला गेलास तर केबिनमध्ये चहा घेत यादीवर खुणा करू नकोस, गोदामात जा. यादीतला माल जागेवर शोध आणि जागेवरचा माल यादीत शोध. पहिल्याने फक्त कागदावर असलेला माल उघडा पडतो, दुसऱ्याने नोंदीतून सुटलेला.

क्लायंटकडचे अकाउंटंट वयाने मोठे असतील. कुठली एंट्री कशामुळे आली हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यांच्याकडे अदबीने विचार, पण उत्तर कागदाशी ताडून बघ.

थोडा हात बसला की सरांना स्वतःहून विचार: "एका क्लायंटचं ऑडिट मी सुरुवातीपासून रिपोर्टपर्यंत करू का?" न विचारणाऱ्याकडे वर्षभर तेच ते जीएसटी रिटर्न येत राहतात.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. कोणीतरी तुला डमी आर्टिकलशिप सुचवेल: कागदावर फर्ममध्ये, प्रत्यक्षात क्लासला. ते खोटं आहे आणि इन्स्टिट्यूटच्या नियमांत बसत नाही. शिवाय आता आर्टिकलशिप संपल्यावर फायनलच्या अभ्यासाला सहा महिने मिळतात, त्यामुळे अभ्यासाची सबबही उरलेली नाही. दादाने आग्रह धरला तरी हो म्हणू नकोस. मला फोन कर, त्याच्याशी मी बोलेन.

तुझी,
आत्या