सही करण्याआधी

चि. सोनू,

परवा फोनवर म्हणालास, वाशीच्या एका हॉटेलात जेवणाचं निमंत्रण आहे, नवरा-बायकोने जोडीनेच यायची अट आहे, आणि रिसॉर्टचं टाइमशेअर सदस्यत्व घ्यावं असं दोघांच्याही मनात आहे. ही फोनवर घाईत बोलायची गोष्ट नव्हे, म्हणून लिहिते आहे.

हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. स्टर्लिंग ही कंपनी १९८६ची, क्लब महिंद्रा १९९६ची. क्लब महिंद्राचं नेहमीचं सदस्यत्व २५ वर्षांचं. वर्षाला सात रात्री, आणि सीझनचे रंग चार: जांभळा, लाल, पांढरा, निळा. गर्दीचे आठवडे हवे तर जांभळा, तोच सगळ्यांत महाग. निळा सगळ्यांत स्वस्त. तुम्हाला खालचा रंग परवडतो आहे, आणि आज तो पुरेलही. तुमची छकुली चार वर्षांची आहे, ऐन पावसाळ्यात रजा टाकून तिला घेऊन निघालात तरी काही बिघडत नाही. पण पहिलीत गेली की तुमची सुट्टी म्हणजे दिवाळी, नाताळ आणि मे. त्याच आठवड्यांवर सगळ्यांचा डोळा असतो. करार संपेल तेव्हा ती २९ वर्षांची असेल. त्यातून दहावी-बारावी वजा कर, कॉलेजात मैत्रिणींबरोबर जाईल ती वर्षं वजा कर. आईबाबांबरोबर हौसेने येण्याची वर्षं किती उरली ते तूच मोज. वार्षिक शुल्क मात्र गेलात तरी भरायचं, नाही गेलात तरी भरायचं, आणि ते वाढत जातं.

आमच्या सानपाड्याच्या वन्संकडे असंच सदस्यत्वाचं कार्ड आहे, म्हणून घर कसं बदलतं ते मी जवळून पाहिलंय. भावोजींचा मसाला मार्केटात गाळा. लग्नानंतर कित्येक वर्षं हा माणूस दिवाळीच्या पाडव्यालाही गाळ्यावर. कार्ड घेतल्यापासून ‘पैसे भरलेत, वाया कशाला घालवायचे’ म्हणून दर वर्षी निघतात. मुलांना बाप आठवडाभर सलग मिळतो. हा लाभ मी फार मोठा मानते.

पण कुठे जायचं, हे आता घरातलं कुणी ठरवत नाही. कंपनीच्या ॲपवर खोली कुठे मोकळी दिसते त्यावर ठरतं. खोली कित्येक महिने आधी धरायची आणि रेल्वेचं आरक्षण उघडतं ६० दिवस आधी. म्हणजे गोव्याची खोली हातात आणि पनवेलहून गाडी वेटिंगवर. महाबळेश्वरला जाऊन आले, तर प्रतापगड राहूनच गेला, कारण मुलांचे खेळ आणि जेवणाच्या वेळा सगळ्या रिसॉर्टच्या आत. शिवाय खोलीत माणसं मोजून. आजी-आजोबांसाठी वेगळी खोली घ्यायची तर वेगळे पैसे, म्हणून पहिल्या वर्षानंतर ते दोघं घरीच राहतात. मे महिन्यात देवरुखला गावच्या घरी राहणंही महिन्यावरून चार दिवसांवर आलं. मागच्या खेपेला वन्संनी तिथलं दार उघडलं तर माजघरातल्या फडताळाला वाळवी, आणि झाडाखाली आंबे कुजून गेलेले. हे कुणी ठरवून केलं नाही. रजा तेवढीच होती, ती कार्डाकडे गेली.

तुझे आईबाबाही आता सत्तरीकडे आलेत. प्रवासात तुमच्याबरोबर यायची त्यांची वर्षं छकुलीच्या बालपणाएवढीच आहेत, हे हिशेबात धर.

म्हणून आधी दोघांनी कालनिर्णय घेऊन बसा. गेल्या तीन वर्षांत गावाला किती दिवस गेलात, लग्नकार्यांत किती गेले, कंपनीने सलग आठवडा खरोखर किती वेळा दिला, ते लिहून काढा. मग सदस्यत्वाला लागणारी रक्कम बँकेत ठेवून येणाऱ्या व्याजात तारकर्लीला किंवा गणपतीपुळ्याला एमटीडीसीत किती रात्री होतात तेही पाहा. तिथे सगळ्यांना नेता येतं, आणि एखादं वर्ष गेलं नाही तरी कुणाचं देणं लागत नाही.

एवढं करूनही घ्यावंसं वाटलं तर घ्या, मी आड येणार नाही. पण शुल्क किती वाढू शकतं, सही केल्यावर किती दिवसांत परत फिरता येतं, न वापरलेल्या रात्रींचं काय होतं, हे करारात छापलेलं दाखवा म्हणा. तोंडी शब्द धरू नका. पुढे तंटा झालाच, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि ग्राहक हेल्पलाइन आहे १९१५.

जेवायला खुशाल जा. ‘आजच सही केली तर सूट’ असं म्हणतील, सूनबाईलाही वेगळं गाठून सांगतील. त्या संध्याकाळी सही करू नका. करार वाचायला घरी नेऊ देत नसतील, तर घेऊच नका.

तुझी,
मावशी
नेरूळ